लिहून घेणार

मार्च 2021 मध्ये आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा सब-रजिस्ट्रार ऑफिसात तुफान गर्दी होती, कारण स्टॅम्प ड्युटीतली सवलत 31 तारखेला संपणार होती आणि अख्ख्या पुण्याला त्याच आठवड्यात घर घ्यायचं होतं. मास्क लावून, टोकन हातात धरून चार तास उभं राहिल्यावर टेबलामागच्या माणसानं मान वर न करता विचारलं, "लिहून घेणार का लिहून देणार?"

मला कळेचना. म्हणलं, साहेब, मी फ्लॅट घेतोय.

"मग लिहून घेणार म्हणा की. तिकडं बसा."

फोटो झाला, अंगठा झाला, दोन ओळखदारांच्या सह्या झाल्या, आणि मी लिहून घेणार झालो. रात्री बार्शीला मामांना फोन करून हा किस्सा सांगितला तर ते हसून हसून खोकायला लागले. मामांनी उभा जन्म कचेरीबाहेर काढलाय, टेबल-खुर्ची आणि वर ताडपत्री, स्टॅम्प विकायचे आणि दस्त लिहून द्यायचे. साठेखत, खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोड, मुखत्यारपत्र, काय म्हणाल ते. तेलगीच्या बनावट स्टॅम्पच्या प्रकरणानंतर धंदा उतरत गेला, मग फ्रँकिंग म्हणजे मशीननं स्टॅम्प मारणं आलं, मग ऑनलाइन चलन, आणि मामा घरी बसले. पण "कारणे खरेदीखत लिहून देतो ऐसाजे" हे वाक्य ते अजून अशा चालीत म्हणतात की आरती चाललीय असं वाटावं.

मी मात्र तेव्हा फार हुशारीत होतो. आयटीत नोकरी, एक्सेलमध्ये ईएमआयची शीट, सिबिल 790, रेपो-लिंक्ड, स्प्रेड, एलटीव्ही हे सगळे शब्द तोंडावर. मामांचे शब्द म्हणजे शेतजमिनीचे, जुने, आपल्याला काय करायचेत असंच वाटायचं. ते चूक होतं हे कळायला मला जवळपास दोन वर्षं लागली आणि त्यातली बरीचशी अक्कल पैसे देऊन विकत घ्यावी लागली.

एरियापासूनच सांगतो. एजंट म्हणाला होता 925 स्क्वेअर फुटांचा टू बीएचके. बिल्डिंग 2009 ची, म्हणजे रेरा या घरबांधणीच्या नव्या कायद्याच्या आधीची, त्यामुळे सगळीकडं सेलेबल एरियाच चालायचा. जुन्या मालकाचं बिल्डरशी झालेलं अ‍ॅग्रीमेंट शेवटपर्यंत चाळलं तेव्हा मागच्या पानांवर कार्पेट 685 निघाला. म्हणजे 685 वर 35 टक्के लोडिंग, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज, वॉचमनची खोली, सगळ्यात आपला थोडा थोडा वाटा. सौदा 46 लाखाचा, म्हणजे 925 नं भागलं तर फुटाला पाच हजाराच्या आतच, आणि पाय ठेवायला मिळते त्या जागेनं भागलं तर 6,700 च्या वर. आता रेरा कायद्यात कार्पेटची व्याख्याच ठरवून दिलीय, आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट धरायचे नाहीत. पण रिसेलच्या बाजारात लोक अजून सेलेबलमध्येच बोलतात, आकडा मोठा दिसतो ना.

हे मामांना सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "म्हणजे पोटखराबा." सातबाऱ्यावर जमिनीत लागवडीला न येणारं क्षेत्र असतं, नाला, खडक, वाट, त्याला पोटखराब म्हणतात. "पण आमच्यात पोटखराबा वेगळा लिहून दाखवतात रे. तुमच्यात तो मिसळून विकतात." लोडिंगची याच्यापेक्षा चांगली व्याख्या मी कुठं वाचलेली नाही.

पैशाचं पहिलं गणित तिथंच चुकलं होतं. मला वाटायचं 46 लाखाचं घर म्हणजे 46 लाख लागतील. बँक 30 ते 75 लाखाच्या कर्जाला किंमतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम, आणि त्या किंमतीत स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन धरत नाहीत. आम्ही 35 लाख कर्ज घेतलं, 11 लाख आमचे. शिवाय स्टॅम्प ड्युटी सवलतीच्या दरानं 1 लाख 84 हजार, रजिस्ट्रेशन फी एक टक्का पण 30 हजाराच्या वर नाही म्हणून 30 हजार, एजंटची दलाली, बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाच्या सर्च रिपोर्टचे, सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम (हा 25 हजाराच्या वर घेता येत नाही, आमच्या सोसायटीनं बरोबर 25 हजार घेतले, एक रुपया पण जास्त नाही, आणि कमी पण नाही). पीएफ काढला, सासऱ्यांकडून हातउसने घेतले, बायकोच्या दोन बांगड्या बँकेत गेल्या. रिसेल असल्यामुळं आणि बिल्डिंगला ओसी, म्हणजे राहायला परवानगीचा दाखला, असल्यामुळं जीएसटी लागला नाही हेच काय ते नशीब.

एवढं करून एक एप्रिलला पेपरात वाचलं की नुसत्या बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट सुरू झाली. बायकोनं पेपर घडी करून माझ्यासमोर ठेवला, बोलली काही नाही. म्हणलं अगं ती दोन टक्क्यांची सवलत कालच संपली ना, मग आपणच फायद्यात. तरी पेपर आठवडाभर तिथंच होता.

रेडी रेकनर हा पण असाच एक शब्द. सरकार दरवर्षी भागाभागाचे दर छापतं, मराठीत बाजारमूल्य दर तक्ता, आणि तुमचा सौदा कितीचाही असो, सौद्याची रक्कम आणि रेकनरची किंमत यातली जी जास्त तिच्यावर स्टॅम्प. आमचा सौदा रेकनरच्या वर होता म्हणून प्रश्न आला नाही.

दिवाळीत मामा आले. फराळ झाल्यावर म्हणाले, "फाइल आण." मी अख्खी फाइल समोर ठेवली, म्हणजे झेरॉक्स, कारण ओरिजिनल बँकेत. चष्मा लावून ते एक एक कागद उलटायला लागले. अ‍ॅग्रीमेंट इंग्रजीत, त्यामुळं मी वाचून दाखवायचो. त्यांनी पहिला प्रश्न चतुःसीमेचा विचारला. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण. मी म्हणलं मामा, फ्लॅटला कसली चतुःसीमा, तिसरा मजला आहे. ते म्हणाले असणार, बघ. आणि खरंच शेड्यूलमध्ये होती, फ्लॅटची नव्हे, खालच्या जमिनीची, सर्व्हे नंबरसकट.

मग त्यांनी बँकेचे कागद मागितले. ते बघताना जरा गप्प झाले.

"यात लिहून देणार कोण?"

"मीच."

"म्हणजे एका आठवड्यात घेणाराचा देणार झालास."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रजिस्ट्रार ऑफिसात मी लिहून घेणार होतो ते आठवडाभर. त्याच आठवड्यात बँकेत बसून पन्नास-साठ सह्या केल्या त्या लिहून देणार म्हणून. होम लोन म्हणजे बँक आपल्याला काहीतरी देते असं आपण बोलतो, लोन मिळालं, सँक्शन झालं, पेढे वाटले. दस्ताच्या भाषेत देणारे आपण असतो. गहाण आपण लिहून देतो.

मामांच्या घरात गहाण हा शब्द हळू आवाजात बोलायचा शब्द. माझ्या आजोबांनी, म्हणजे मामांच्या वडिलांनी, विहिरीसाठी चार एकर सावकाराला मुदत खरेदीनं दिली होती. मुदत खरेदी म्हणजे कागदावर खरेदीखत, आत शर्त, की अमुक वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत. नाव खरेदीचं, काम गहाणाचं. मुदतीत पैसे झाले नाहीत आणि जमीन गेली. मामा दस्तलेखक झाले ते त्याच्यामुळंच असं आई म्हणते, कागदात काय लिहिलंय ते कळलंच पाहिजे म्हणून. गहाणाचे किती प्रकार असतात ते त्यांना तोंडपाठ. साधं गहाण, मुदत खरेदी, ताबेगहाण म्हणजे जमिनीचा कब्जाच सावकाराकडं आणि पीक त्यानं खायचं. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे सगळे प्रकार दिलेत. आमचं होम लोन त्यातल्या शेवटी-शेवटीच्या प्रकारात बसतं, हक्काचे मूळ कागद बँकेत नेऊन ठेवायचे, बस्स. घरात राहायचं आपण, रंग लावायचा आपण, फक्त कागद त्यांच्याकडं. आणि तीस दिवसांच्या आत रजिस्ट्रारकडं त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन द्यायची, म्हणजे पुढं कुणी सर्च घेतला तर बोजा दिसतो.

बोजा. मामांनी हाच शब्द वापरला. बँकेच्या कागदात एन्कम्ब्रन्स, चार्ज, मॉर्टगेज, काय काय होतं, पण सातबाऱ्याच्या इतर हक्कात तलाठी एकच शब्द लिहितो. अमुक सोसायटीचा बोजा रुपये इतके. इंग्रजी शब्द वाचून मला कधी काही जाणवलं नव्हतं, हा ऐकून खांद्याला जाणवलं.

तरी तेव्हा रेट 6.9 होता आणि मी खुशीत होतो. आयुष्यात एवढं स्वस्त कर्ज पुन्हा मिळणार नाही असं सगळे म्हणायचे, ते खरंच होतं, फक्त ते तेवढंच स्वस्त राहील असं कुणी म्हणलं नव्हतं. 20 वर्षं, ईएमआय 26,926. पहिल्या महिन्यात त्यातले 20,125 व्याज आणि 6,801 मुद्दल. पहिल्या वर्षात 3 लाख 23 हजार भरले आणि कर्ज कमी झालं 84 हजारांनी. अ‍ॅमॉर्टायझेशनचा तक्ता म्हणतात तो हाच, आधी व्याज फिटतं मग मुद्दल. हे मला माहीत होतं, शीटमध्येच होतं, त्यामुळं त्याचं काही वाटलं नाही.

फ्लोटिंग हा शब्द मात्र कळला नव्हता. म्हणजे अर्थ माहीत होता. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावी लागतात, बहुतेक जण रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते त्याला, जोडतात. त्याच्याआधी 2016 पासून एमसीएलआर होता, त्याच्याआधी बेस रेट, दोन्ही बँकांनी स्वतःच काढायचे दर, आणि प्रत्येक वेळी तक्रार एकच की रेट वाढले की बँका लगेच वाढवतात आणि कमी झाले की झोपतात. रेपो-लिंक्डमध्ये निदान सगळं उघड, रेपो अधिक तुमचा स्प्रेड म्हणजे बँकेचं वरचं मार्जिन, तीन महिन्यांतून एकदा तरी रीसेट. मी घेतलं तेव्हा रेपो 4 टक्के. मे 2022 ला वाढायला सुरुवात झाली आणि फेब्रुवारी 2023 ला 6.50. अडीच टक्के. टीव्हीवर 250 बेसिस पॉइंट म्हणतात, ऐकायला आणखी निरुपद्रवी वाटतं.

माझा ईएमआय वाढलाच नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला 26,926 च कापले जायचे, त्यामुळं मी निवांत. मधेमधे मेसेज यायचे, युवर टेन्युअर हॅज बीन रिव्हाइज्ड, म्हणजे कर्जाची मुदत बदललीय, मी ते ओटीपीच्या मेसेजसारखे सरकवून टाकायचो. मार्च 2023 ला टॅक्सच्या कामासाठी स्टेटमेंट काढलं आणि बघतच राहिलो. बाकी 33 लाख 68 हजार. रेट 9.4. महिन्याचं व्याज 26,383.

म्हणजे 26,926 भरतोय आणि कर्ज फिटतंय 543 रुपयांनी.

परत परत बघितलं. त्या रात्री बायको झोपल्यावर शीट उघडून टेन्युअर काढलं तर 500 महिने आले, एक्केचाळीस वर्षांच्या वर. मी तेव्हा अडतीसचा. बँक अर्थात एवढं लांबवू देत नाही, वयाची अट असते, त्यामुळं पुढच्या रीसेटला ईएमआय वाढवा असं पत्र आलंच. राहिलेल्या 18 वर्षांत फेडायचं तर 32 हजार 400 च्या आसपास. महिन्याला साडेपाच हजार जास्त, आणि त्या वर्षी माझं इन्क्रिमेंट किती झालं होतं ते इथं लिहीत नाही.

राग आला तो बँकेचा कमी आणि स्वतःचा जास्त. बँकेचा पण आलाच, कारण मला विचारलं कुणी होतं, ईएमआय वाढवू का मुदत? परस्पर मुदत वाढवली. असे हजारो लोक असणार, कारण ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेला परिपत्रक काढावं लागलं की रीसेटच्या वेळी कर्जदाराला पर्याय द्या, ईएमआय वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही, की काही रक्कम भरून टाकायची. आणि मुदत वाढवताना निगेटिव्ह अ‍ॅमॉर्टायझेशन होऊ देऊ नका, म्हणजे हप्ता व्याजालाच पुरत नाही आणि कर्ज उलट वाढतंय अशी वेळ. मी त्या काठापासून 543 रुपये लांब होतो.

मामांना फोनवर सांगितलं. त्यांना रेपो-बिपो काही माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे ताबेगहाणच की. पीक ते खातायत." मी जरा चिडून म्हणलं मामा, सावकार आणि बँक एक नाही. ते म्हणाले, "एक नाहीच. सावकार तोंडावर सांगायचा." हे मला पटलेलं नाही, आजही नाही, आजोबांची चार एकर गेली आणि माझं घर शाबूत आहे हा फरक लहान नाही. पण उत्तर सुचलं नाही हेही खरं.

मग जे करायचं ते केलं. ईएमआय वाढवून घेतला. फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक होम लोनला प्रीपेमेंट पेनल्टी लावता येत नाही, हे बँकेच्या शाखेत कुणी आपणहून सांगत नाही (कर्जाला जोडून इन्शुरन्स घ्या हे मात्र तिघांनी सांगितलं होतं), तेव्हा बोनस आला की तो मुद्दलात टाकायला लागलो. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात टाकलेले पन्नास हजार शेवटाकडचे कितीतरी हप्ते खातात, शीटमध्ये ते बघायला मजा येते, व्यसनच लागतं. 2025 मध्ये रेपो उतरायला लागला, डिसेंबरपर्यंत 5.25 वर आला, तेव्हा बँकेनं ईएमआय कमी करू का म्हणून विचारलं. या वेळी विचारलं. मी म्हणलं नको, आहे तोच ठेवा, मुदत कमी करा.

आता राहिलं मामांचं त्या दिवाळीचं शेवटचं बोलणं, ते मी मुद्दाम मागं ठेवलंय कारण तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं होतं. फाइल मिटून ते म्हणाले होते, "सगळं ठीक आहे, पण सातबारा कुठाय?" म्हणलं मामा, फ्लॅटला सातबारा नसतो, इंडेक्स टू असतो, हा बघा माझ्या नावाचा. ते म्हणाले इंडेक्स टू म्हणजे दस्त झाल्याची पावती, मी जमिनीचं विचारतोय. मोबाइलवर सर्व्हे नंबर टाकून सातबारा काढला. त्यावर बिल्डर नव्हता, सोसायटी नव्हती. मूळ शेतकरी आणि त्याच्या वारसांची नावं, सात जण, खाली फेरफार नंबर.

"बारा वर्षं झाली ना बिल्डिंगला? मग तू घेतलंस काय नेमकं, हवा?"

तेव्हा कन्व्हेयन्स हा शब्द मी पहिल्यांदा नीट वाचला. अभिहस्तांतरण. मोफा म्हणजे 1963 च्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणं सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते. पुण्या-मुंबईत कित्येक बिल्डर करूनच देत नाहीत, कारण शिल्लक एफएसआय म्हणजे अजून बांधता येणारं क्षेत्र, पुढंमागं रीडेव्हलपमेंट, आणि मूळ मालकांची भांडणं. आमचा बिल्डर तर फोनच उचलत नाही. यावर 2008 मध्ये कायद्यात तोड काढली, डीम्ड कन्व्हेयन्स, सरकारी मराठीत मानीव अभिहस्तांतरण. सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करायचा, ते बिल्डरला आणि जमीनमालकांना नोटीस काढतात, सुनावणी घेतात, आणि कागद बरोबर असतील तर प्रमाणपत्र देतात. मग दस्त एकतर्फी रजिस्टर होतो. समोरचा सहीला आला नाही तरी.

गेल्या महिन्यात बार्शीला गेलो होतो तेव्हा मामांना हे सगळं समजावून सांगितलं. आता त्यांना ऐकायला कमी येतं, जवळ बसून मोठ्यानं सांगावं लागतं. मानीव या शब्दावर ते थांबले.

"म्हणजे लिहून देणार येणारच नाही?"

"नाही आला तरी चालतं."

"न लिहून देता लिहून दिलं असं मानायचं." थोडा वेळ गप्प बसले. "असा दस्त मी एक पण लिहिला नाही बघ."

मग म्हणाले तो सातबारा दाखव परत. मोबाइल डोळ्याजवळ धरून सातही नावं मोठ्यानं वाचली. "ही शेवटची बहीण दिसतेय, लग्न होऊन गेलेली. नोटीस हिच्या सासरच्या पत्त्यावर गेली पाहिजे, माहेरच्या पत्त्यावर पाठवली तर भाऊ तिला सांगणार पण नाहीत, आणि मग ती नंतर कोर्टात येईल. तुमच्या सेक्रेटरीला कळतं का हे?"

म्हणलं मामा, यंदा सेक्रेटरी मीच आहे.

त्यांनी मोबाइल परत दिला आणि कपाटातून एक कोरी वही काढली. म्हणाले, पत्ता कसा शोधायचा ते सांगतो, लिहून घे.